सातवी सवाष्ण

नंदिताच्या लग्नाला हॉलंडहून पाहुणी येणार असं ठरलं आणि आमच्या घरात पहिल्यांदा कमोड बसला. चार वर्षं मी माझ्या गुडघ्यांसाठी तो मागत होते. सुरेंद्र, माझा धाकटा भाऊ, दर वेळी म्हणायचा, "बघूं अक्का, पोंगल होऊन जाऊं दे." चार पोंगल होऊन गेले. पाहुणीचं विमानाचं तिकीट निघालं त्याच आठवड्यात गवंडी आला. मिळाला ते बरंच झालं, कुणाच्या नावानं का होईना.

पाहुणीला खोलीही माझीच दिली, वरची, पूर्वेच्या खिडकीची. माझी गादी खाली देवघराशेजारी आली. "तुम्हांला इंग्लिश येतं, वन्सं, तिला तुमच्यावरच सोपवलं अहे," असं भावजय भारती मोठ्या कौतुकानं म्हणाली. आमच्या घरात कौतुक झालं की मी ओळखते, काहीतरी काम अंगावर पडणार आहे.

आधी मी कोण ते सांगते, कारण लग्नपत्रिकेत माझं नाव नव्हतं. मी वसुमती, नवरीची आत्या. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी जी घरं उरली आहेत त्यांतलं आमचं एक. साडेतीनशे वर्षं आम्ही इथले. घरात मराठी, दारात तमिळ, कागदावर इंग्लिश. देवनागरी वाचणारे आमच्यात आता शोधावे लागतात. मला ती येते पुण्यामुळं. लग्न होऊन मी पुण्याला गेले तेव्हा शेजारणी माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावायच्या. मग मी हट्टानं त्यांच्यासारखं बोलायला शिकले, लिहायलाही. सात वर्षांनी माझे यजमान सूर्यनारायण अकरा दिवसांच्या काविळीत गेले. मी बत्तीस वर्षांची होते. सुरेंद्र येऊन मला घेऊन गेला आणि पुण्याचं माझ्याजवळ तेवढं मराठीच उरलं.

इथं मला शाळेत इंग्लिश शिकवायची नोकरी लागली आणि पुढच्याच वर्षी नंदिता झाली. भारती त्रिचीच्या सरकारी कचेरीत होती, सकाळी सातची बस, रात्री आठला घरी. मी शाळेच्या आधी आणि शाळेनंतर नंदिताची आई होते, आणि मधल्या वेळेत तिला शेजारी ठेवायचे. तिचं जेवण, तिचा गोवर, तिचे पाढे, दहावीला तिनं घेतलेली धास्ती, सगळं माझ्याकडं. भारतीला मी दोष देत नाही. नोकरी करून पोर वाढवायला घरात आयती बाई मिळाली तर कोण नको म्हणेल?

जानेवारीत नंदिताचा हॉलंडहून फोन आला. मुलगा आमच्यातलाच, कार्तिकेय, चेन्नईत वाढलेला, तिच्याच कंपनीत. मुहूर्त वैशाखातला. बोलता बोलता ती म्हणाली, "आत्या, ऊंजलला पहिलं दूध-केळं तू द्यायचं."

ऊंजल म्हणजे झोपाळा. आमच्या लग्नात अंतरपाट मराठी आणि झोपाळा तमिळ, दोन्ही लागतं. मुहूर्ताआधी नवरा-नवरीला फुलांच्या झोपाळ्यावर बसवतात. सवाष्णी एकेक करून पुढं येतात, दोघांच्या पायांना दुधाचा हात लावतात, चमच्यानं दूध आणि केळ्याचा तुकडा भरवतात, रंगीत भाताचे गोळे ओवाळून चारी दिशांना टाकतात. ज्यांचा नवरा जिवंत आहे त्यांनीच हे करायचं. माझ्यासारखीनं त्या वेळी कुठं असायचं हे कुणी तोंडानं सांगत नाही, खांबामागं जागा आपोआप मिळते. तीस वर्षांत तंजावुरातल्या सगळ्या मंडपांचे खांब मला पाठ झाले आहेत.

मी नंदिताला नको म्हटलं. म्हणायला हवं म्हणून म्हटलं. "कशाला उगीच? त्या सगळ्याला काही अर्थ नाही." हे माझं ठरलेलं वाक्य. कुणी मला कुठून वगळलं की मी ते लगेच म्हणते, म्हणजे वगळल्याचा त्रास समोरच्याला दिसत नाही.

"मज ते काही सांगू नको. तूच द्यायचं. मी आईला सांगूनठेवते," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. बासष्टाव्या वर्षी एवढ्याशा गोष्टीसाठी रडू यावं याची लाज वाटली, पण आनंद लाजेपेक्षा मोठा होता. त्या आठवड्यात मी लाखेच्या रंगाची रेशमी साडी आणली, चांगल्या रुंद जरीची. कपाटात वरती ठेवली आणि तीन महिने रोज काहीतरी निमित्त काढून ते कपाट उघडलं.

लग्नाच्या चार दिवस आधी नंदिता त्रिचीच्या विमानतळावरून पाहुणीला घेऊन आली. मार्ग्रिट तिचं नाव. उत्रेख्तला तिच्या घराच्या माडीवरच्या खोलीत नंदिता तीन वर्षं भाड्यानं राहत होती. सहासष्ट वर्षांची, दारातून वाकून यावं लागेल इतकी उंच, आखूड पांढरे केस. एकाच बोटात दोन साध्या सोन्याच्या अंगठ्या, त्यातली एक सैल. आल्या आल्या तिनं चपला काढल्या, नमस्कार केला आणि भारतीनं दिलेली काफी डबऱ्याच्या पसरट वाटीतून पेल्यात ओतताना अर्धी साडीवर सांडली, म्हणजे भारतीच्या साडीवर. भारती म्हणाली, "परवायिल्लै, परवायिल्लै," म्हणजे काही हरकत नाही. माझ्या हातून सांडली असती तर तिनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं असतं.

पाहुणीला बघायला वेंकूबाई काकू आल्या. या आमच्या बाबांच्या चुलतभावाची बायको, वय ऐंशीच्या पुढं. व्यंकटरमण काकांना आता ऐकू येत नाही, उठवत नाही, पण ते श्वास घेतात, आणि तेवढ्या भांडवलावर काकू गावभरच्या लग्नांत राज्य करतात. त्यांनी मार्ग्रिटला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, अंगठ्यांवर नजर थांबवली आणि मराठीतून विचारलं, "नवरा आला नाहीं की हिचा?"

मी मार्ग्रिटला विचारायला तोंड उघडणार तेवढ्यात नंदिता म्हणाली, "त्यांना येवढा प्रवास झेपत नाहीं, काकू."

"पावम," काकू हळहळल्या आणि स्वतःच्या हातानं पाहुणीला कुंकू लावलं. मार्ग्रिटनं मान खाली केली. तिला बिचारीला काय कळणार, कपाळावर काय लागलं ते.

तीन दिवस मी तिला घेऊन हिंडले. मोठ्या देवळात नऊच्या आत जायला हवं असं मी ओरडून सांगत होते, पण भारतीनं तिला इडली, वडा, पोंगल असं साडेदहापर्यंत बसवून ठेवलं. मग व्हायचं तेच झालं. तापलेल्या फरशीवर ही उंच बाई अनवाणी उड्या मारत सावलीकडं पळाली आणि शाळेच्या सहलीतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. ती स्वतःही हसली. राजवाड्यात तिनं विचारलं, तुम्ही इथं पाहुणे की घरचे? मी म्हटलं, साडेतीनशे वर्षांनंतरही लोक विचारतात, म्हणजे बघा. मला ती आवडायला नको होती. माझी खोली तिच्याकडं, माझे गुडघे तिच्यामागं. पण प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर ऐकायला थांबणारी माणसं मला कमी भेटली आहेत, आणि ती थांबायची.

तिरुवैयारुला कावेरीच्या पायऱ्यांवर बसलो असताना तिनं माझ्या यजमानांबद्दल विचारलं. मी सांगितलं, अकरा दिवस, कावीळ. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग तिनं काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण नंदिताचा फोन आला, शिंपी ब्लाउज घेऊन आलाय, मार्ग्रिटला लगेच आण. आम्ही उठलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे नांजिकोट्टै रोडवरच्या मंडपात मुक्कामाला गेलो. संध्याकाळी मी केळीचे खांब बांधणाऱ्यांना पाणी देत होते तेव्हा भारती जवळ आली आणि माझ्या पदराची नसलेली सुरकुती सारखी करू लागली.

"वन्सं, ऊंजलच्या सात जणी ठरल्या. काकूंनी नावं घेतली."

"पहिली मी ना?" मी म्हटलं. मला ठाऊक होतं काय येणार ते, तरी म्हटलं. तिच्या तोंडून ते बाहेर पडायला हवं होतं.

"कार्तिकेयच्या घरचे जरा तसले अहेत. आम्हांला काही नाहीं, तुम्हांला ठाऊक अहे की. तुम्ही मॅडमजवळ बसा. तिला सगळं इंग्लिशमधून सांगायला दुसरं कोण अहे?"

"नंदिताला विचारलंस?"

"तिला आता त्रास नको, वन्सं. लग्न तिचं अहे."

सुरेंद्र दहा पावलांवर जनरेटरवाल्याशी बोलत उभा होता, माझ्याकडं पाठ करून. जनरेटरबद्दल इतकं बोलण्यासारखं काय असतं मला ठाऊक नाही. मी "सरी" म्हटलं. आमच्याकडं सरी म्हटलं की बरं असा अर्थ होतो, आणि पुढं बोलणं संपतं. पण मनातून मी खचले नव्हते. नंदिताला यातलं काही ठाऊक नाही, असं मी धरून चालले. झोपाळ्यावर बसली की ती मला शोधेल आणि हाक मारेल. भर मंडपात नवरीनं हाक मारली तर काकूसुद्धा अडवू शकणार नाहीत. मी लाखेच्या रंगाची साडी उशाशी ठेवून झोपले.

सकाळी साडेसातला नादस्वरम सुरू झालं आणि त्याच वेळी आत धावपळ उडाली. सात जणींतली एक, भारतीची धाकटी बहीण वर्षा, तिला नेमका त्या सकाळी कावळा शिवला. ती कोपऱ्यात तोंड पाडून बसली आणि काकू कपाळावर हात मारत फिरू लागल्या. "सहा नको. सहा जणींचं ऊंजल मी कधी बघितलं नाहीं. सात पाहिजेत." पाहुण्यांत सवाष्णी होत्या पन्नास, पण काकूंना नात्यातली किंवा मानाची हवी होती. त्या नंदिताच्या खोलीत गेल्या, दोन मिनिटांत बाहेर आल्या आणि त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"ती गोरी बाई अहे की! नवरा अहे, वयानं मोठी, येवढ्या लांबून आली. पहिलीच तिला धाडूं. फोटो बरा येईल."

सगळ्यांना ते इतकं पटलं की कुणी क्षणभर थांबलंसुद्धा नाही. भारतीनं तिची हिरवी रेशमी साडी मार्ग्रिटला नेसवली. आखूड केसांत मल्लिगेचा गजरा टिकेना, म्हणून सहा पिना खोचल्या. आणि मग काकूंनी मला बोलावलं. "वसू, हिला सांगूनटाक काय करायचं ते. चूक होऊं नये."

म्हणजे माझा घास दुसरीनं कसा भरवायचा हे मीच शिकवायचं होतं. मी शिकवलं. अठ्ठावीस वर्षं शिकवण्यात गेली, वाईट शिकवणं मला जमत नाही. मंचामागच्या टेबलावर चांदीची वाटी, चमचा, केळ्याचे तुकडे मांडले होते. आधी पाय, मग दूध, मग केळं, मग गोळे. चमचा ओठाला लावू नका, वरून सोडा. मार्ग्रिटनं परीक्षा असल्यासारखं दोनदा करून दाखवलं.

"हे कुणीही करू शकतं का?" तिनं विचारलं.

"जवळच्या बायका करतात," मी म्हटलं.

"मग तुम्ही पहिल्या असाल."

"मी नंतर."

तिनं बोटातली सैल अंगठी फिरवली. "विलेम असता तर हे बघून ढसाढसा रडला असता. ही त्याचीच. नोव्हेंबरात दोन वर्षं झाली त्याला जाऊन. शेवटचे तीन आठवडे नंदिता कामावरून आली की थेट त्याच्या खाटेजवळ बसायची. अंत्यविधीच्या दिवशी तिनं चाळीस माणसांसाठी लिंबाचा भात केला होता. माझ्या बहिणीनं केलं नसतं इतकं केलं तिनं."

मी केळ्याचे तुकडे पुन्हा एकदा नीट मांडले. काकू पाच पावलांवर होत्या. मी एक वाक्य बोलले असते, काकू हिचाही नवरा नाही, तर त्यांनी चांदीची वाटी तिच्या हातातून हिसकावली असती. पाहुणीचा अपमान होऊ नये म्हणून मी गप्प राहिले असं सांगितलं तर बरं दिसेल. ते खोटं आहे. मी गप्प राहिले कारण मला आशा वाटली. नंदितानं खोटं बोलून या बाईला कुंकू लावू दिलं होतं, खांबामागं जाऊ दिलं नव्हतं. परक्या बाईसाठी जी पोर एवढं करते, ती माझ्यासाठी एक हाक मारणार नाही? एका विधवेच्या हातचं दूध चालतं, हे तिला ठाऊक आहे. आता तर तिला मला बोलवावंच लागेल, असं मला वाटलं.

मी तिसऱ्या रांगेत बसले, मार्ग्रिटच्या रिकाम्या खुर्चीशेजारी. खांबामागं नाही. नव्या साडीची जर नीट दिसेल असा पदर घेतला. नंदिता आणि कार्तिकेय झोपाळ्यावर येऊन बसले. ती सुंदर दिसत होती, ते मी नाकारणार नाही. बायका झोपाळ्याची गाणी म्हणू लागल्या, आमच्यातल्या म्हाताऱ्यांना अजून येतात ती.

पहिली मार्ग्रिट गेली. चारशे माणसांचे फोन वर झाले. तिनं वाकून दोघांच्या पायांना दूध लावलं, चमच्यानं वरून दूध सोडलं, केळं भरवलं, मी सांगितलं तसंच, एकही चूक नाही. नंदितानं डोळे मिटून तो घास घेतला आणि तिचा हात धरून आपल्या डोळ्यांना लावला. मंडपात लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऊंजलला टाळ्या वाजवलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. काकूंनी अभिमानानं सगळीकडं बघितलं.

मग दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येकीनंतर मला वाटायचं, आता. चौथीनंतर नंदितानं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. गर्दीत चुकून गेलेली नजर ती नव्हती. मी पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि उठायला हात टेकला. फोटोग्राफरनं काहीतरी म्हटलं आणि ती त्याच्याकडं बघून हसली. मी पुन्हा बसले. पाचवी, सहावी झाल्या, आणि सातव्या स्वतः काकू. त्यांनी भाताचे गोळे चारी दिशांना फेकले, त्यातला एक पिवळा गोळा माझ्या पायाशी येऊन फुटला. झोपाळा थांबला. सगळं मिळून पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मार्ग्रिट डोळे पुसत माझ्याकडं आली. "आता तुम्ही?"

"संपलं ते."

"पण तुम्ही गेलाच नाहीत."

"मला जरा चक्कर आल्यासारखं झालं," मी म्हटलं. तिनं लगेच पाण्याची बाटली उघडून दिली आणि माझा हात धरून बसली. घरच्यांची लाज मी चांगल्या इंग्लिशमध्ये झाकली. एवढी वर्षं शिकवलेलं कामी आलं.

मुहूर्त झाला, मंगळसूत्र झालं, पंगती उठल्या. दुपारी नंदिता नवरीच्या खोलीत रिसेप्शनसाठी तयार होत होती. केस करणारी जेवायला गेली होती. मी आत गेले आणि दार लोटलं. ती आरशासमोर बांगड्या उतरवत होती.

"विलेम जाऊन दोन वर्षं झाली," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. "तिनं सांगितलं की?"

"प्रवास झेपत नाही म्हणालीस तू."

"मग काय सांगायचं होतं, आत्या? काकूंनी तिला मागं बसवलं असतं. येवढ्या लांबून आली ती, मजसाठी."

"बरं केलंस. आणि आज?"

"वर्षामावशीचं तसं झालं. काकू ओरडत आल्या, आता कोण म्हणून. तेव्हां मीच मार्ग्रिटचं नाव सांगितलं."

"माझं का नाही सांगितलंस?"

ती आरशातून माझ्याकडं बघत राहिली. वाईट मुलगी नाही ती, मी आजही म्हणेन. मीच वाढवली आहे. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, "तिचं इथं कोणाला ठाऊक नाहीं, आत्या. तुझं अख्ख्या तंजावुराला ठाऊक अहे."

"म्हणून?"

"मज त्या घरी जायचं अहे. उद्या तिथं कोणाला ताप आला तरी म्हणतील, त्या दिवशी ऊंजलला कोण होतं म्हणून. मी आईला जानेवारीतच सांगितलं होतं, तू पहिली म्हणून. मग त्यांच्या घरून फोन आला, आई घाबरली. मी तरी किती भांडूं?"

"म्हणजे तुलाही ते खरं वाटतं."

"नाहीं!" ती गर्रकन वळली. "मज खरं वाटलं असतं तर मार्ग्रिटचं नाव घेतलं असतं की?"

ती भ्याली असती तर मी समजून घेतलं असतं. भीती मला कळते. नवीन लग्न, परकं घर, मन कचरतं. पण तिला विधवेच्या हाताचं काडीचं भय नव्हतं. चारशे माणसांसमोर डोळे मिटून तिनं त्या हातचा घास घेतला होता आणि तो हात डोळ्यांना लावला होता. तिला लाज वाटली ती फक्त माझ्या हाताची.

"आणि तूच तर म्हणतेस," ती आता चिडून बोलत होती, रडवेली होऊन, "लहानपणापासून ऐकते मी, या सगळ्याला काही अर्थ नाहीं म्हणून. मग तुज कशाला पाहिजे ते?"

मला हवं होतं की सुरेंद्रनं बघावं, भारतीनं बघावं, काकूंनी आणि ज्यांनी ज्यांनी मला तीस वर्षं खांब दाखवला त्या सगळ्यांनी बघावं, ही पोर कुणाच्या हातची आहे ते. एकदाच. पण हे मागायचं असतं का? तिला ते सांगावं लागत असेल तर सांगण्यात काय राहिलं?

माझा चेहरा बघून ती नरमली. उठून जवळ आली आणि माझे दोन्ही हात धरले. "आत्या, असं करूं. उद्या सकाळी, चेन्नईला निघायच्या आधी, घरी दे की मज. दूध, केळं, सगळं. आपण दोघीच असतांना. मी तुजपुढं पाटावर बसते. कोण नसेल बघायला."

तिला खरंच वाटत होतं की ती मला काहीतरी देत आहे.

"घरी तर एकोणतीस वर्षं भरवलंच की तुला, नंदा," मी म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. तिनं मान वर केली, पापण्या फडफडवल्या आणि माझ्यापुढं चेहरा धरला. लहानपणी ताप आला की धरायची तसाच. "आत्या, रडवूं नको ना. काजळ उतरेल. पूस लवकर."

कागदी रुमालांचा डबा आरशाजवळ होता. मी तो तिच्यापुढं सरकवला आणि बाहेर आले.